ताटावरून न उठणारा पाहुणा

बोईसर,
बुधवार, डबे गेल्यानंतर

ती. अक्का,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. खरं म्हणजे हल्ली माझा गुडघा वाकत नाही, पण पत्रात वाकायला काही त्रास पडत नाही, तेव्हा पूर्ण वाकले आहे असं समजावं. तुमची दाढ कशी आहे? काढून टाकलीत की अजून लवंगेवरच भागवताय? तिकडे भोकरदनला ऊन तापायला लागलं असेल, दुपारचं बाहेर पडत जाऊ नका. तुम्ही पाठवलेलं काळं तिखट मिळालं. चव नेहमीसारखीच, तुमच्या हाताची. (माझ्या हाताला ती येत नाही, हे मीच आधी लिहून टाकते, म्हणजे तुम्हांला वेगळं सांगायचे कष्ट नकोत.) इकडे सगळं ठीक. तुमचे भाऊ निवृत्त झाल्यापासून आपल्या खानावळीच्या गल्ल्यावर बसतात आणि जेवायला आलेल्या पोरांना कंपनीचे जुने दिवस सांगतात. पोरं ऐकतात, कारण आमटी येईपर्यंत त्यांना दुसरं काही करता येत नाही. भाग्येश मजेत आहे. लग्नाचं विचारलं तर आपला लेक 'बघू' म्हणतो, आणि हल्ली तेही स्पॅनिशमध्ये म्हणतो.

फोन असताना हिने पत्र का लिहिलं, असं तुमच्या मनात आलंच असेल. अक्का, फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो अक्का' म्हणते. नणंद-भावजयीचं असंच असावं, माझी तक्रार नाही. पण कधी मलाही चार वाक्यं सलग बोलायची असतात, आणि पत्रात मधे कोणी थांबवत नाही. शिवाय हे पत्र पोस्टाने येत नाहीये, माणसाच्या हातून येतंय, आणि तो माणूस हाच या पत्राचा विषय आहे. शनिवारी तुमच्या दारात चिकूची पेटी घेऊन, उन्हाने नाक लाल झालेला जो उंच गोरा माणूस उभा राहील, तो रामोन. स्पेन देशाचा. त्याला अजिंठा बघायचाय, आणि तुमच्या भावांनी 'लॉजवर कशाला, आमची अक्का आहे ना तिथे' असं परस्पर कबूल करून टाकलंय. दोन रात्री राहील. तेव्हा त्याच्या वेळा आधी कळवणं माझं काम आहे, कारण तुमच्याकडे सकाळी दहाला ताटं पडतात, दिवेलागणीला भांडी पालथी होतात आणि आठला कडी लागते. आठ वाजता या माणसाला रात्रीचं जेवण आठवतसुद्धा नाही. (दुसरीही एक गोष्ट आहे. तो गेला की दुपारी तीनला खानावळीत नवी पंगत सुरू करायची, असं तुमच्या भावांनी ठरवलंय, आणि माझा जीव त्या तीन वाजण्यात अडकलाय. का, ते कळेल. आधी पाहुणा.)

भाग्येशच्या कंपनीत दिवाळीनंतर स्पेनहून एक भलंमोठं मशीन आलं, आणि ते बसवून चालू करून द्यायला पाठोपाठ हा आला. पहिला आठवडा हॉटेलात जेवला. तिथलं तिखट आणि त्याचं पोट यांचं जमेना, म्हणून भाग्येशने त्याला आपल्याकडे आणलं. तुमच्या भावांनी नावात राम ऐकला आणि त्या दिवसापासून तो घरचा झाला. तो त्यांना सरळ 'रामकिसन' अशी हाक मारतो. अक्का, जे नाव मी उभ्या जन्मात फक्त उखाण्यात घेतलं, ते तो चटणी मागताना घेतो. तुमच्या भावांना ते आवडतं असं दिसतं, कारण हाक आली की ते गल्ला उघडा टाकून जातात.

आपल्या खानावळीचं तुम्हांला माहीत आहेच. सकाळी जनरल शिफ्टवाल्यांचे डबे जातात, अकरापासून सेकंड शिफ्टची पोरं जेवून कामावर जातात, दीडच्या सुमारास मी झाडून घेते, आणि मग ओट्यापाशी उभी राहून पातेल्याच्या तळाला जे उरलं असेल ते भाकरीच्या तुकड्याने पुसून खाते. त्याला मी जेवण म्हणत आले. पहिल्या दिवशी रामोन आला तो तीन वाजता. मला वाटलं, बिचाऱ्याला रस्ता सापडला नसेल. दुसऱ्या दिवशीही तीन. तेव्हा भाग्येशने सांगितलं, की तिकडे सगळा देशच दोन-तीनला जेवतो आणि रात्री नऊ-दहाला. सकाळी नुसती कॉफी, फार तर एखादं बिस्कीट. मग अकराच्या आसपास पुन्हा काहीतरी खायचं. मी म्हटलं, देश आळशी असणार. तर भाग्येशने मला सूर्य समजावून सांगितला. त्यांचा देश आहे पश्चिमेला, पण मागे कधीतरी कोणा राज्यकर्त्याने तिथलं घड्याळ पूर्वेकडच्या देशांशी जुळवून टाकलं, ते आजतागायत तसंच. त्यामुळे उन्हाळ्यात तिकडे घड्याळात दोन वाजून जातात तेव्हा कुठे सूर्य डोक्यावर येतो. म्हणजे अक्का, हा माणूस आपल्या मामंजींच्याच वेळेला जेवतो. तुमच्या वडिलांनी कधी घड्याळ बघितलं होतं? सावली पायाखाली आली की 'वाढा' म्हणायचे. मामंजींच्या आठवणीने मी तीनला चूल पुन्हा पेटवायला लागले. (गॅसच, पण चूल म्हटलं की बरं वाटतं.)

आता चूक कुठे झाली ते सांगते. माणूस ताटावर बसलेला आहे तोवर वाढणारीने हलायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. (लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत. शब्दही आठवतात, पण जाऊ द्या.) जेवण झालं की माणूस उठतो, हात धुतो. उठला नाही म्हणजे भूक आहे, मागायला लाजतोय. रामोन जेवला आणि उठेना. टेबलावर हात ठेवून माझ्याकडे बघून हसत बसला. मी भाकरी वाढली. ती त्याने खाल्ली आणि पुन्हा हसला. मी पुन्हा वाढली. त्याने पोटावर हात ठेवून 'गुड, गुड' म्हटलं, तर मी पिठलंही वाढलं. त्याच्या आईने त्याला शिकवलेलं, की दुसऱ्याच्या घरी ताटात टाकायचं नाही. मी तो उठायची वाट बघतेय आणि तो मी थांबायची. दोघांवरचे संस्कार पक्के, आणि मधल्या मधे माणूस भरत चाललेला. थोड्याच दिवसांत त्याने कमरेच्या पट्ट्याला चाकूने नवं भोक पाडून घेतलं, आणि मी सातपाटीहून दर बुधवारी आपल्याकडे मासे घेऊन येणाऱ्या साखरबाईला अभिमानाने सांगत होते, की बघ, परक्या मुलखातला माणूस आपल्या भाकरीवर कसा अंगाने भरला.

कंपनीत तर निराळाच घोळ. एवढ्या भाकऱ्या पोटात घेऊन तो मशीनपाशी परत जायचा तेव्हा उभ्या उभ्या पेंगायचा. तिथल्या साहेबांनी कुठेतरी वाचलेलं, की स्पेनची माणसं दुपारी झोपतात. त्यांनी ताबडतोब स्टोअरमध्ये एक लोखंडी खाट टाकली, टेबलफॅन लावला, आणि त्या वेळेत तिकडे ठोकाठोकी करायची नाही म्हणून सगळ्यांना बजावलं. खरं सांगायचं तर रामोन आयुष्यात दुपारी झोपलेला नव्हता. त्याचे आजोबा झोपायचे; आता नोकरी करणाऱ्या माणसाला कुठली आलीय झोप, असं तो म्हणाला, पण नंतर. त्या वेळी त्याला वाटलं, की एवढी व्यवस्था केलीय म्हणजे ही इथली रीत असणार. म्हणून तो रोज खाटेवर डोळे मिटून पडून राही, साहेब काचेतून बघत आणि समाधानाने परत जात. बिचाऱ्याला कामाची घाई असायची हो. वेळेचा इतका पक्का, की सातला बोलावलं तर त्याच्या आधी गेटवर हजर. आपल्याकडचा वायरमन 'पाच मिनिटांत आलो' म्हणाला, की हा खरोखरच मनगटाकडे बघत उभा राहायचा. आपल्या पाच मिनिटांत माणूस जेवून, झोपून, पालघरला जाऊन येतो, हे त्याला कळायला महिना गेला.

संध्याकाळचं तर विचारूच नका. तिकडे म्हणे दिवस कलला की म्हातारेकोतारे, लेकरंबाळं, सगळं गाव इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडतं आणि उगीच चालतं. कुठे जायचं नसतं, काही आणायचं नसतं. रामोनही कामावरून आला की अंघोळ करून पांढरा शर्ट घालून निघायचा. पण बोईसरमध्ये चालणारा माणूस म्हणजे रिक्षा न मिळालेला माणूस. कोणी ना कोणी मोटारसायकल थांबवून त्याला मागे बसवायचा. नको म्हणणं त्याच्या स्वभावात नाही (ते भाकऱ्यांवरून लक्षात आलंच असेल), आणि परदेशी माणूस स्टेशनलाच निघालेला असणार असं सगळ्या गावाचं मत, म्हणून त्याला स्टेशनला नेऊन सोडायचे. तो तिथून चालत परत फिरला की दुसरा कोणी भेटायचा आणि पुन्हा स्टेशनला सोडायचा. शेवटी तुमचे भाऊ त्याच्याबरोबर जायला लागले. दोघं असले की कोणी उचलत नाही. त्या चालण्याने तुमच्या भावांचं पोट उतरलंय, पँटी शिंप्याकडून आवळून आणल्या. एकाच्या पट्ट्याला भोक वाढलं आणि दुसऱ्याची पँट आवळली, म्हणजे घरात एकंदर जमाखर्च जुळला.

हे सगळं उलगडलं ते माझ्या कमरेमुळे. एका सकाळी तांदळाचं पोतं सरकवताना कंबर धरली. तीनपर्यंत कशीबशी उभी होते; रामोन आला तेव्हा वाकून वाढणं शक्यच नव्हतं. म्हणून भाजीचं पातेलं, भाकरीची दुरडी, सगळं टेबलावर मांडलं, 'घे बाबा तुझ्या हाताने' म्हटलं आणि समोरच्या खुर्चीवर बसले. त्याने काय करावं? उठला, मांडणीवरून एक ताट आणलं, त्यात भाकरी ठेवली, भाजी वाढली आणि माझ्यापुढे सरकवलं. अक्का, मला कोणी वाढलेलं मी शेवटचं कधी जेवले ते आठवेना. माझ्या बाळंतपणात तुम्ही वाढलं होतंत, तेवढंच. डोळ्यांत पाणी आलं, ते मी कमरेवर ढकललं. त्याने आपली दीड भाकरी खाल्ली, हात धुऊन आला आणि पुन्हा येऊन बसला. तसाच हसत. वाढायला मी उठू शकत नव्हते आणि तो काही मागतही नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की याचं जेवण झालंय, हा नुसता बसलाय. भाग्येशला विचारलं तर म्हणाला, तिकडे जेवल्यावर ताटांपाशी तास तासभर बोलत बसायची रीतच आहे, तिला त्यांच्याकडे खास नावसुद्धा आहे. घास संपला की तटकन उठणारा माणूस त्यांना रागावून चाललाय असं वाटतं. म्हणजे इतके दिवस त्याला गप्पा हव्या होत्या आणि मी भाकऱ्या देत होते.

त्या दिवसापासून तीनला दोन ताटं. आधी तो बोलायचा, त्याच्या भाषेत. आईचा फोटो दाखवायचा, अंगणातलं संत्र्याचं झाड दाखवायचा. मग मी बोलायचे, आपल्या भाषेत. त्याला एक शब्द कळत नव्हता, आणि अक्का, ज्याला एक शब्द कळत नाही अशा माणसाशी बोलण्यासारखं सुख नाही. मधेच 'असं नाही, तसं करायचं होतंस' म्हणत नाही, ऐकलेलं दुसऱ्याला सांगत नाही. मी काय बोलायचे म्हणाल तर विशेष काही नाही, आपलं घरगुती. बुधवारी टोपली रिकामी झाली की साखरबाईही येऊन बसायची. तिला यात काही नवल वाटलं नाही. "आमचं पन तसंच हाय," म्हणाली. "पानी चढलं का होडी जाते, पानी उतरलं का येते. मंग जेवाला बसल्यावर घाई कोनाला हाय?" ती तिच्या मुलांच्या होड्यांचं सांगायची, तो ऐकायचा, मी ऐकायचे, आणि चार वाजून जायचे. एक गोष्ट मात्र त्या पहिल्याच गरम घासाला कळली. माझी भाजी अळणी होती. खानावळीतली पोरं बसल्या बसल्या मिठाच्या वाटीकडे हात नेतात, याचा मला इतकी वर्षं राग यायचा. त्याचं पुढे सांगते.

आता मशीन चालू झालंय. अजिंठा बघून तो परत येईल आणि मायदेशी जाईल. तुमच्या भावांनी एवढंच पाहिलं, की तीन वाजता चूल पेटलेली असते, बाई जागी असते आणि टेबलापाशी बसून टिवल्याबावल्या करते. पहिली शिफ्ट तीनला सुटते, पोरं भुकेली बाहेर पडतात, तेव्हा तीनला नवी पंगत. बोर्डही रंगवायला टाकला. मी म्हटलं, मला त्या वेळेला बसायचं असतं. तर म्हणाले, बस ना, कोण नको म्हणतंय, बसून वाढ. वाईट मनाने नाही म्हणाले. तुमचे भाऊ मनाने सोन्यासारखे आहेत, फक्त त्यांना बसलेली बायको दिसली की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

बाकी मी समाधानात आहे. तुमच्या घरातल्या सगळ्यांना वयाप्रमाणे नमस्कार किंवा पापा, ज्याचं त्याने बघून घ्यावं.

तुमची भावजय,
सुलू

ता. क. – सोमवारी बोर्ड रंगून येतो. त्याआधी तुमच्या भावांना एक फोन करा. तुमच्याशी फोनवर तेही 'हो अक्का'च म्हणतात, मी शेजारून ऐकलेलं आहे. त्यांना एवढंच सांगा, की तीन ते चार खानावळ बंद. कारण सांगू नका, कारण सांगितलं की ते चर्चा करतात. पाहुणा गेला तरी साखरबाई आहे, आणि कोणीच नसलं तर मी एकटी बसेन, पण बसेन. वरचं सगळं पत्र या एका फोनसाठी लिहिलं.

ता. क. दुसरा – हे गुरुवारी लिहिते आहे, चिकटवलेलं पाकीट फोडून. रामोनला एक शब्द कळत नाही असं मी वर लिहिलं, ते काल तीनपर्यंत खरं होतं. काल जेवताना तुमचे भाऊ त्याला हातवारे करून समजावत होते, की भोकरदनला कुठे उतरायचं, अक्का म्हणजे मोठी बहीण, घर मोठं, माणसं चांगली. रामोन शांतपणे म्हणाला, "समजला. अक्का म्हंजे ती मीठ जास्ती हाय बोलते ती ना?" अगदी साखरबाईच्या बोलीत. माझ्या हातून परात निसटली. साखरबाई पदरात तोंड घालून हसत होती, तिनेच शिकवलंय. मी विचारलं, कधीपासून कळतं रे तुला? तर म्हणाला, संक्रांतीपासून. अक्का, संक्रांतीनंतर मी तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले आहे. फोनवरचं बोलले, भाग्येशच्या बारशातलं बोलले, आणि मिठाचं तर रोज. तो खोटं बोलत नाही आणि विचारलं तर नाही म्हणत नाही. तेव्हा त्याला विचारू नका. (वाचता येत नाही ना, याची मी दोनदा खात्री करून मगच पत्र त्याच्या हाती देते आहे.)

ता. क. तिसरा – मिठाचं राहिलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही सांगत आलात, सुलूच्या भाजीला मीठ जास्त. ओट्यापाशी उभी राहून खाताना मलाही ती खारटच लागायची, म्हणून तुमचं खरं मानून मी दर वर्षी चिमूट चिमूट कमी करत अळणीपर्यंत येऊन पोचले. काल मी एकच भाजी दोनदा खाल्ली. एकदा गरम असताना, रामोनसमोर. आणि एकदा सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर, पुन्हा पुन्हा तापवून तळाला आटलेली. पहिली अळणी, दुसरी खारट. अक्का, मीठ कधी जास्त नव्हतंच. तुम्ही सगळ्यांच्या शेवटी जेवत होतात. माहेरपणाला आलात तरी पदर खोचून वाढत राहिलात. तुम्हांला ताटावर बसलेलं मी आजवर बघितलेलं नाही, आणि हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही याचं फार वाईट वाटतं.

शनिवारी तो जेवेल आणि उठणार नाही. भाकरी वाढू नका. तो तुमच्यासाठी ताट वाढून आणेल, तसं मी त्याला सांगून ठेवलंय, आता मराठीतच. भाजी गरम आहे तोवर बसा. मग दोघं तासभर बोला. माझ्याबद्दल बोललात तरी चालेल, फिटंफाट होईल.